अब्दुल्लाचा डफ

अलीबाबाच्या घरात मर्जिनाच्या जोडीला अब्दुल्ला नावाचाही एक गुलाम होता, हे फारसं कुणाला आठवत नाही. मर्जिना सगळ्यांना आठवते. दारावरची खडूची खूण तिनेच ओळखली आणि आळीतल्या बाकीच्या दारांवर तश्शाच खुणा करून ठेवल्या. बुधल्यांत दबा धरून बसलेल्या चोरांवर उकळतं तेल तिनेच ओतलं. पाहुणा बनून जेवायला आलेल्या चोरांच्या नाईकाच्या छातीत नाचता नाचता खंजीर खुपसला तोही तिनेच. पण त्या रात्री घरातलं तेल संपून दिवा विझला, तेव्हा अंगणात एवढे बुधले पडलेत, त्यातलं थोडं घे, असं तिला सुचवलं ते अब्दुल्लाने. ती भांडं घेऊन अंगणात गेली आणि बुधल्यातून माणसाचा आवाज आला. म्हणजे गोष्टीची कळ फिरली ती त्याच्या त्या एका सूचनेमुळे. शेवटच्या नाचाला डफही त्यानेच वाजवला. चल, धन्याच्या पाहुण्याचं मन रिझवू या, इतकंच तिने त्याला सांगितलं होतं. तिच्या कमरेला खोचलेल्या खंजिराचं पुढे काय होणार हे त्याला माहीत होतं की नव्हतं, गोष्ट सांगत नाही.

मग बक्षीस. मर्जिनाला अलीबाबा गुलामीतून मोकळं करतो आणि आपल्या मुलाशी तिचं लग्न लावून देतो. अब्दुल्लाचं काय झालं? काही नाही. डफ वाजवून तो गोष्टीतून निघून जातो.

या दोघांत काहीतरी होतं असं मला फार पूर्वीपासून वाटत आलं आहे. पुरावा अर्थातच नाही. पण एका स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं एकत्र राबलेली दोन माणसं, दोघंही विकत घेतलेली, मध्यरात्री दिवा विझला तर कुणाला विचारायचं हे जिला ठाऊक आहे आणि विचारल्याबरोबर ज्याच्याकडे उत्तर आहे, अशी. लग्नाच्या वेळी मर्जिनाला कुणी तिचं मन विचारलेलं नाही. मोकळं करणं आणि सून करून घेणं ही दोन्ही कामं अलीबाबा एकाच दमात उरकतो, त्यामुळे ती नक्की किती मोकळी झाली हा प्रश्न निघतच नाही. ही गोष्ट ‘अरेबियन नाइट्स’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने ती १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब या अलेप्पोच्या तरुणाच्या तोंडून ऐकली आणि आपल्या पुस्तकात घातली. दियाबने अब्दुल्लाबद्दल आणखी दोन वाक्यं सांगितली असतील आणि गालांनी ती गाळली असतील, अशी एक सोयीस्कर कल्पना मी अधूनमधून करून पाहते.

मराठी माणसाचं या गोष्टींशी नातं तसं जुनं आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात त्या सुरस आणि चमत्कारिक म्हणून मराठीत आणल्या आणि गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी भाषांतराचे सोळाच्या सोळा खंड मराठीत केले. देशपांड्यांचे खंड वाचनालयातून एकेक करून आणताना मला पहिल्यांदा जाणवलं की या पुस्तकात जादू, जिन्न आणि खजिने जितके आहेत त्याहून गुलाम जास्त आहेत. पाणी आणणारे, दार उघडणारे, निरोप पोचवणारे, गाणाऱ्या, वारा घालणाऱ्या. चमत्कार त्यांच्या डोक्यावरून जातो आणि ते आपली कामं करत राहतात.

हे सगळं आता पुन्हा डोक्यात यायला कारण माझी भाची. ती जे वाचते त्याला हल्ली ‘रोमँटसी’ म्हणतात. आपल्याकडे ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांपासून अद्भुतरम्य म्हणून जो प्रकार चालत आला, त्याचीच ही साता समुद्रापलीकडची तरुण बहीण म्हणायची. तिच्या कपाटातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत कुणी ना कुणी गुलाम असतं. कुणी कैद झालेला राजपुत्र, कुणी लढाईत हरलेल्या देशाची मुलगी. प्रेम जमतं ते मालकाशी किंवा मालकिणीशी, आणि मध्ये कुठेतरी एक मोठा दगा होतो.

‘यातलं तुला खरंच चांगलं वाटलेलं एक दे,’ असं मी म्हटल्यावर तिने मेरी रुटकॉस्कीची ‘द विनर्स कर्स’ हातात ठेवली. २०१४ सालची आहे. जिंकणाऱ्या देशाच्या सेनापतीची मुलगी केस्ट्रेल ही गुलामांच्या लिलावात एरिन नावाच्या तरुणाला विकत घेते. लिलावात सर्वांत चढी बोली लावणारा नेहमीच जरा जास्त मोजून बसतो, अशी अर्थशास्त्रातली एक कल्पना आहे, तिच्यावरून पुस्तकाचं नाव. एरिन मुळात बंडवाल्यांचा हेर. तो मुद्दामच त्या घरात शिरलेला असतो. दोघं एकमेकांत गुंततात आणि बंड उठतं तेव्हा केस्ट्रेलच्या पायाखालची जमीन सरकते. पुस्तक हुशारीने लिहिलंय, एका बैठकीत संपलं, हे मान्य करते. पण संपल्यावर मी भाचीला विचारलं, ‘त्याने तिला दगा दिला म्हणतेस, पण तिच्याशी त्याचा करार काय झाला होता? तिने त्याला पैसे देऊन आणलाय.’

ती म्हणाली, ‘मावशी, तू प्रत्येक लव्ह स्टोरीत पावती शोधतेस.’

शोधते खरी. ज्या माणसाची खरेदीची पावती दुसऱ्याच्या पेटीत आहे, त्याच्या बाबतीत दगा हा शब्द कोण वापरतंय हे पाहावंच लागतं. मालकाच्या दृष्टीने गुलामाचं कुठलंही प्रेम हा एक छोटासा अपहारच, मालकाच्या मालातून काढलेला. आणि या गोष्टी बहुतेक वेळा मालकाच्या दिवाणखान्यात बसून सांगितल्या गेल्या आहेत. त्यामुळे प्रेम रंगवायचं तर दुसऱ्या टोकाला कुणी मोकळं, श्रीमंत, शक्यतो सिंहासनाचा वारस असलेलं माणूस हवं. दोन गुलामांचं एकमेकांवरचं प्रेम त्या दिवाणखान्यातून दिसतच नाही. ते मागच्या दारी असतं.

आपली शर्मिष्ठा घ्या. महाभारताच्या आदिपर्वातल्या तिच्या गोष्टीत अद्भुताला काही कमी नाही. मेलेल्याला उठवणारी विद्या, राक्षसांचा गुरू, शापाने एका क्षणात येणारं म्हातारपण. पण तिची स्वतःची गोष्ट मात्र कोरडी, कागदोपत्री म्हणावी अशी आहे. राजकन्या असताना तिने देवयानीला घालूनपाडून बोललं, विहिरीत ढकललं. देवयानीचे वडील, राजगुरू शुक्राचार्य राज्य सोडून जायला निघाले. मग आपल्या कुळावरचं संकट टळावं म्हणून ती स्वतःच्या पायांनी देवयानीची दासी व्हायला गेली. देवयानीचं ययातीशी लग्न झाल्यावर ती पाठवणीत बरोबर आली. हिला मानाने ठेव, पण शेजेला बोलावू नकोस, अशी ताकीद शुक्राचार्यांनी ययातीला दिलेली.

पुढे अशोकवनिका नावाच्या बागेजवळ ती राजाला एकांतात गाठते. तिथे ती रडत नाही, विरहाची भाषा बोलत नाही. ती कायदा सांगते. बायको, दास आणि मुलगा या तिघांना स्वतःचं असं धन नसतं, ती ज्याची असतात त्याचंच त्यांचं सगळं असतं, असं त्या काळचं शास्त्र. त्यावर बोट ठेवून ती म्हणते, मी देवयानीची आणि देवयानी तुमची, तेव्हा मीही तुमचीच झाले. ज्या नियमाने तिला मालमत्ता केलं तोच नियम ती प्रेमाच्या बाजूने उभा करते. दिलेला शब्द मोडला तर खोटेपणा येईल असं राजा म्हणतो, तर कुठल्या पाच प्रसंगी खोटं बोललेलं चालतं याची यादी तिच्याजवळ तयार असते. असा युक्तिवाद मला दुसऱ्या कुठल्याही प्रेमकथेत भेटलेला नाही. वि. स. खांडेकरांनी १९५९च्या ‘ययाति’त शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं, ही मोठी गोष्ट. मराठीतल्या दोनतीन पिढ्या तिच्यासाठी हळहळल्या. पण त्यांची शर्मिष्ठा त्यागाकडे फार लवकर वळते. मला आदिपर्वातली वकीलच जास्त जवळची वाटते.

पहिला मुलगा झाल्यावर देवयानी विचारते, हे कुणाचं? शर्मिष्ठा सांगते, एक धर्मज्ञ ऋषी आले होते. सगळं बाहेर पडल्यावर मालकीण तोंडावर येते, तेव्हाही ही मागे हटत नाही. ऋषी म्हटलं ते खोटं कुठे होतं, राजर्षीच तर आहेत ते, आणि तू त्यांना वरलंस तेव्हाच मीही वरलं होतं, असं ठणकावते. दासीने मालकिणीला दिलेलं इतकं सरळ उत्तर जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

पण मला इथे थांबायचंय ते वेगळ्याच गोष्टीपाशी. देवयानीने शर्मिष्ठा मागितली होती ती हजार दासींसकट. त्या हजारजणी तिच्याबरोबर राजधानीत आल्या, अशोकवनिकेपाशीच राहिल्या. त्यांचा गुन्हा तर काहीच नव्हता. विहिरीत कुणाला ढकललं नव्हतं, कुणाला टाकून बोललं नव्हतं, राजकन्येच्या शिक्षेत त्या वजनाला घातल्यासारख्या आल्या. आता मोजून पाहा. शर्मिष्ठेला राजापासून तीन मुलगे झाले, द्रुह्यू, अनू आणि पुरू. ते चालतेबोलते, खेळते झाले. म्हणजे हे गुपित वर्षानुवर्षं टिकलं. राजा कधी येतो, कुठल्या वाटेने जातो, हे त्या हजारजणींना कळलं नसेल हे शक्यच नाही. बाळंतपणं त्यांनीच केली असणार. मुलांची तोंडं रोज पाहत होत्या त्या. यातल्या एकीनेही जाऊन देवयानीच्या कानाशी लागायचं ठरवलं असतं, तर मोठं बक्षीस मिळालं असतं, कदाचित सुटकाही. कुणी गेलं नाही. गुपित फोडलं ते मुलांनी. तुमचे वडील कोण, असं देवयानीने विचारल्यावर त्यांनी राजाकडे बोट केलं.

सगळ्या आदिपर्वात मला हा चमत्कार संजीवनी विद्येपेक्षा मोठा वाटतो. व्यासांना त्याबद्दल एक ओळही लिहावीशी वाटली नाही. गप्प राहणं हे ज्यांचं कामच, त्यांच्या गप्प राहण्याची नोंद कोण करणार? आणि या हजारजणींची स्वतःची काही प्रेमं? हस्तिनापूर तेव्हा वसलं नव्हतं, पण राजवाडा म्हटला की सूत, माहूत, आचारी, माळी आलेच. हजार बायका वर्षानुवर्षं एका बागेच्या आसऱ्याने राहिल्या आणि राजाखेरीज कुणी कुणाच्या नजरेला पडलं नाही, हे मानायला भाबडेपणा लागेल. पण कौरव-पांडवांचा वंश पुरूचा, म्हणजे दासीच्या चोरट्या प्रेमातून आलेला, एवढं कबूल करूनच महाभारताची ऐपत संपली असावी.

बगदादमध्ये उलटं झालं. ‘अरेबियन नाइट्स’मधली शम्स अल्-नहार ही हारून अल्-रशीदची लाडकी. तिला स्वतंत्र महाल, स्वतःच्या दासी, पहारेकरी, पण मुळात ती खलिफाची गुलामच. तिचा जीव अली इब्न बक्कार या इराणी तरुणावर जडतो. चिठ्ठ्या जातात येतात, त्याही दासीच्या हातून. एका अत्तारवाल्या व्यापाऱ्याची मध्यस्थी असते, त्याला घाम फुटतो आणि तो बसऱ्याला पळून जातो. मग एक जवाहिऱ्या मध्ये पडतो. एक दिवस शम्स अल्-नहार आपल्या एका दासीला शिक्षा म्हणून मार देते. ती दासी मार खाऊन पळते, पहाऱ्यावरच्या माणसाकडे आसरा घेते आणि सगळं सांगून टाकते. गोष्ट तिथून मरणाकडे उतरू लागते. खलिफा शम्स अल्-नहारला क्षमा करतो, पण ती झुरून मरते, अलीही मरतो, बगदाद रडतं.

मारलेल्या त्या दासीला नाव नाही. गोष्टीने तिला चहाडखोर ठरवून मोकळं केलं. पण घटनांचा क्रम नीट पाहिला तर आधी चाबूक आहे, मग चहाडी. जी बाई स्वतः दुसऱ्याच्या मालकीची आहे, जिला आपलं प्रेम लपवण्यासाठी या मुलींच्या मुक्या तोंडांचा आधार आहे, तीच त्यांना मारते. महाल आणि लाड मिळाल्यावर आपणही कुणाच्या तरी खरेदीतून आलो हे तिला आठवत नाही. शर्मिष्ठेच्या हजारजणी का बोलल्या नसतील याचं उत्तर इथे मिळतं की काय, असं मला कधीकधी वाटतं. शर्मिष्ठा राजकन्या असली तरी दासीपणाच्या घरात त्यांच्याबरोबर राहत होती. तिने त्यांच्यावर हात उचलला असेल का? व्यास गप्प आहेत, मीही जास्त ताणत नाही.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त अद्भुत नाही, आहे तो उज्जयिनीचा रस्ता. देवलांनी त्याला मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. लोकांना आठवतात ती वसंतसेना आणि चारुदत्त. माझं लक्ष मदनिकेवर असतं. ती वसंतसेनेची दासी. शर्विलकाचं तिच्यावर प्रेम. तो जातीने ब्राह्मण, धंद्याने चोर, जानव्याने भिंत मोजून खिंडार पाडणारा. तिची किंमत भरून तिला सोडवायची म्हणून तो चारुदत्ताचं घर फोडतो आणि दागिने घेऊन येतो. मदनिका दागिने पाहते आणि ओळखते. ते तिच्याच मालकिणीचे, चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले.

आता ती काय करील? गप्प बसून दागिने घ्यावेत तर मालकिणीशी बेइमानी. ओरडावं तर प्रियकर सुळावर. मदनिका तिसरी वाट काढते. चारुदत्ताने पाठवलेला माणूस आहे असं सांगून तूच हे दागिने मालकिणीला परत दे, असं ती त्याला पढवते. वसंतसेना हे सगळं आडून ऐकते. आणि दागिने हाती आल्यावर एक पैसा न घेता मदनिकेला मोकळं करून शर्विलकाच्या हवाली करते, वर स्वतःच्या गाडीत बसवून पाठवते. सगळ्या नाटकात मला सर्वांत सुंदर वाटणारी ही जागा. पण गाडी हलते न हलते तोच दवंडी ऐकू येते की शर्विलकाचा मित्र आर्यक याला राजाने कैदेत टाकलं. मित्र मोठा की बायको, असा विचार करायला शर्विलकाला वेळ लागत नाही. तो मदनिकेला एका व्यापाऱ्याच्या घरी पाठवतो आणि क्रांती करायला निघून जातो. नाटक पुढे सहा अंक चालतं. मदनिका पुन्हा दिसत नाही.

त्याच नाटकातला, राजाचा मेहुणा शकार याचा गाडीवान स्थावरक हाही दास. वसंतसेनेला मारून टाक, असं शकार फर्मावतो. तो म्हणतो, माझ्या देहावर तुमची सत्ता, चारित्र्यावर नाही. मग शकार त्याला बेड्या घालून वर कोंडतो. चारुदत्ताला वसंतसेनेच्या खुनाच्या खोट्या आळावर मारायला नेत आहेत हे दिसल्यावर तो बेड्यांसकट खाली उडी टाकतो, लोकांत येऊन खरं सांगतो. शकार हळूच त्याच्या हातात सोन्याचं कडं सरकवतो, हे घे आणि गप्प बस. तो ते कडं सगळ्यांना दाखवतो. तेव्हा शकार शांतपणे म्हणतो, बघा, हेच याने चोरलं होतं, म्हणून मी याला मारलं, म्हणून हा माझ्यावर राग काढतोय. लोकांना पटतं. दासाच्या खरेपणाला बाजारात भाव नाही हे स्थावरकाच्याच तोंडून आपण ऐकतो. शेवटी त्याला दासपणातून मुक्त करतात खरं. पण माझ्या मनात राहतं ते कडं. मालकाशी केलेली फितुरी हीच इथे त्या माणसाची सगळी नीतिमत्ता आहे, आणि ती चोरीसारखी दिसेल अशी सोय आधीच करून ठेवलेली आहे.

दूरच्या उज्जयिनीला आणि बगदादला जायची खरं तर गरज नव्हती. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. वाड्यांत, किल्ल्यांवर, गोठ्यांत, कोठीत त्या राबत होत्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा १८४३ साली झाला, म्हणजे माझ्या खापरपणजीच्या आजेसासूने अशी एखादी बाई घरात पाहिली असणार, किंवा ती स्वतःच तशी बाई असणार. आमच्या घराण्याच्या वंशावळीत याबद्दल काही लिहिलेलं नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांत दासी हवी तितकी असते. ती पडदा सरकवते, निरोप आणते, क्वचित विषाचा पेला आणते. तिला कुणी आवडलं म्हणून कादंबरीचा एक परिच्छेद खर्च झाल्याचं मला स्मरत नाही.

अमेरिकेत गुलामांनी स्वतः लिहिलं, त्यामुळे तिथे मागचं दार थोडं उघडं राहिलं. विल्यम आणि एलन क्राफ्ट हे जॉर्जियातल्या मेकन गावचं जोडपं, दोघंही गुलाम. त्यांच्या लग्नाला कायद्याने काडीची किंमत नव्हती, आणि मूल झालं असतं तर ते जन्मतःच मालकाचं झालं असतं, म्हणून मूल होऊ द्यायला एलन धजत नव्हती. ती वर्णाने गोरी दिसायची. १८४८च्या डिसेंबरात तिने केस कापले, आजारी गोऱ्या जमीनदाराचा वेश केला. लिहिता येत नव्हतं, हॉटेलात सही मागतील, म्हणून उजवा हात झोळीत बांधला. चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळल्या. विल्यम तिचा गुलाम झाला. बायको मालक आणि नवरा नोकर, असे आगगाडीने आणि आगबोटीने ते हजार मैल गेले आणि नाताळच्या दिवशी फिलाडेल्फियाला पोचले. वाटेत लोकांनी ‘मालकां’ना सल्ले दिले की असल्या गुलामाला उत्तरेकडे नेऊ नका, पळून जाईल. कुठल्याही रोमँटसीवालीने हे रचलं असतं तर संपादकाने अतिरेक म्हणून परत पाठवलं असतं. चोरटं प्रेम लपवायला या दोघांनी मालक-गुलामाचंच सोंग घेतलं, आणि ते सोंग इतकं ओळखीचं होतं की कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही.

त्याच देशात उलटी उदाहरणंही आहेत. १८२२ साली चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हेसीने आखलेला उठाव फुटला तो पीटर प्रिओलो या गुलामाने मालकाला खबर दिल्यामुळे. पस्तीस जण फासावर गेले. पीटरला स्वातंत्र्य मिळालं आणि सरकारी वर्षासनही. त्याचा राग येतो. मग मनात येतं, स्वातंत्र्य नावाची वस्तू ज्या दुकानात मिळते तिथे ती दोनच भावांत ठेवली असेल, एक मरणाचा आणि एक चहाडीचा, तर दुकानदाराचं नाव आधी घ्यायला हवं.

या सगळ्याला कादंबरीत आणलं ते ऑक्टेव्हिया बटलरने, ‘किंड्रेड’मध्ये, १९७९ साली. तिने स्वतः या पुस्तकाला भेसूर अद्भुतिका म्हटलं होतं. भाचीला बदल्यात मी हे दिलं. डाना ही १९७६ सालातली कॅलिफोर्नियातली कृष्णवर्णी बाई, पुन्हा पुन्हा मेरीलँडच्या एका मळ्यावर, दीडेकशे वर्षं मागे ओढली जाते. तिथे ॲलिस आहे, जन्माने मोकळी. तिचा नवरा आयझॅक गुलाम. दोघं पळतात, पकडले जातात. आयझॅकचे कान कापून त्याला मिसिसिपीकडे विकतात. पळून जायला मदत केली म्हणून ॲलिस गुलाम होते आणि मळेवाल्याचा मुलगा रूफस तिला विकत घेतो. ॲलिसवर आपलं प्रेम आहे असं तो समजतो. तिने आपणहून यावं म्हणून तिला समजवायला तो डानाला पाठवतो, नाही आली तर चाबूक आहेच. आणि डाना जाते. कारण ॲलिसला रूफसपासून होणारी मुलगी ही डानाची पूर्वज. ती जन्मली नाही तर डानाही नाही. कालप्रवासाची सगळी कल्पना बटलरने त्या एका दाराशी आणून उभी केली आहे, जिथे एक गुलाम बाई दुसरीला जा म्हणते. इथे दगा कुणी कुणाला दिला, हे मला कितीदा वाचूनही नीट सांगता येत नाही.

नंतर डाना स्वतः पळून जायचा प्रयत्न करते तेव्हा शिवणकाम करणारी लिझा जाऊन मालकाला सांगते. डाना पकडली जाते, फटके खाते. मग ॲलिस, टेस आणि मुकी कॅरी या तिघी मिळून लिझाला मारतात. कादंबरी डानाच्या तोंडून आहे, त्यामुळे लिझाच्या मनात काय होतं हे लिझाकडून कळत नाही.

भाचीने ते पुस्तक संपवून रात्री उशिरा फोन केला. लिझाला मारलं ते बरं केलं, असं तिचं ठाम मत. मी शम्स अल्-नहारच्या दासीची आठवण काढली. ती वैतागली. ‘तुला प्रत्येक चहाडखोर बाईचं भलतंच कौतुक! मग लिही ना तूच तिची गोष्ट.’

मेरीलँड माझ्याच्याने होणार नाही, पण अशोकवनिकेतली एखादी जमेल, असं मी म्हटलं. हजारांतली एक. शर्मिष्ठेच्या अंगणात रात्री दिवा लावायचं काम तिचं, आणि राजाचा रथ हाकणारा सूत तिला आवडतो. राजा आत असतो तेवढा वेळ रथ बाहेर उभा असतो, तेवढाच त्या दोघांचा वेळ. म्हणजे शर्मिष्ठेचं गुपित टिकलं तरच हिचं टिकणार. भाचीला कल्पना आवडली. लगेच तिने पुढचं विचारलं, की देवयानीने बोलावून सुटकेचं वचन दिलं, दोघांच्याही सुटकेचं, तर ती सांगेल की नाही?

मी म्हटलं नाही सांगणार. ती म्हणाली सांगेल, आणि सांगायलाच हवं, शर्मिष्ठा काय तिची सख्खी लागून गेली? राजकन्येच्या भांडणापायी बिचारीने जन्म का काढायचा तिथे? त्या सुताचं मत काय ते आधी विचार, असं मी म्हटलं, तर त्यालाही नाव दे म्हणाली. त्यावरून आमचं अजून जुंपलेलं आहे.